नीतिशास्त्र शिकवणाऱ्यानं नीतीनं वागलंच पाहिजे का?

तासिकावाला

नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर तत्त्वज्ञान शिकवतो. हा विषय अजून शिल्लक आहे हे वाचून काहींना नवल वाटेल. आमच्या स्टाफरूममध्येही काहींना वाटतं.

बीए दुसऱ्या वर्षाला नीतिशास्त्र आहे. सध्या जर्मन तत्त्वज्ञ कांट चालू आहे. त्यानं १७९७ मध्ये खोटं बोलण्याच्या हक्कावर एक छोटा निबंध लिहिला. मित्र तुमच्या घरात लपलाय. त्याच्या जिवावर उठलेला माणूस दारात येऊन विचारतो, "तो आत आहे का?" कांट म्हणतो, तरीही खोटं बोलायचं नाही. दरवर्षी इथं वर्ग हसतो. यंदा एरवी हजेरीलासुद्धा नुसता हात वर करणारी एक मुलगी म्हणाली, "सर, पळून आलेली पोरगी आन् पोरगा घरात असतील, आन् पोरीचे भाऊ दारात आले तर?" कुणीच हसलं नाही.

मग एका पोरानं विचारलं, पिक्चरमधला हीरो खोटं बोलतो, तस्करी करतो, मुडदे पाडतो, तरी टॉकीजमध्ये शिट्ट्या त्यालाच पडतात. मग पुस्तकातली नीती कुणासाठी? आणि लगेच पुढचा चेंडू: "सर, तुम्ही शिकवता तसं वागता का?"

मी त्यांना एरिक श्विट्झगेबेलबद्दल सांगितलं. हा अमेरिकेतला तत्त्वज्ञ. नीतिशास्त्राचे प्राध्यापक इतरांपेक्षा चांगलं वागतात का, हेच तो मोजत बसला. मतदान करतात का, आईला फोन करतात का, रक्त देतात का, विद्यार्थ्यांच्या ईमेलला उत्तर देतात का. जोशुआ रस्टबरोबरचा त्याचा मोठा लेख २०१४ चा. निष्कर्ष असा की बहुतेक बाबतींत काही फरक नाही. मांस खाणं वाईट असं म्हणणारे नीतिशास्त्रवाले बरेच जास्त निघाले, पण ताटात फारसा फरक नव्हता. त्याआधी २००९ मध्ये त्यानं ग्रंथालयांच्या याद्या तपासल्या, तर तत्त्वज्ञानाच्या इतर पुस्तकांपेक्षा नीतिशास्त्राचीच पुस्तकं जास्त गायब. यावर वर्ग जाम खूश झाला.

माझं मत सांगतो. नीतिशास्त्राच्या मास्तराकडून जास्तीची अपेक्षा ठेवू नये. मी विचार करायला शिकवतो, माझ्या वागण्याची हमी देत नाही. तुम्हाला काय वाटतं? आणि आपल्याला नीती खरंच मिळते कुठून? वर्गातून, घरातून, कीर्तनातून की पिक्चरमधून?

उस्मानाबादी शेळी

पहिली! हरभऱ्याचे डहाळे घेऊन बसले आहे. चालू द्या.

शंकासुर

"हमी देत नाही" हे वाक्य आमच्या गावातला मोबाइलवाला पण म्हणतो. सर, राग मानू नका, पण ही पळवाट आहे. इतर मास्तर वाईट वागले तर माणूस म्हणून वाईट वागले. तुम्ही वागलात तर विषयालाच तडा जातो. पोरानं विचारलेला प्रश्न 'अमेरिकेतले प्राध्यापक कसे वागतात' हा नव्हता. 'तुम्ही' हा शब्द होता त्यात. तुम्ही त्याला सातासमुद्रापार पाठवून दिलंत.

परळी पॅसेंजर

शंकासुरा, आमच्या गणिताच्या सरांची किराणा दुकानातली उधारी एकदा बघून ये. बेरीज त्यांना दुकानदार शिकवायचा. तरी त्यांच्या हाताखालची निम्मी बॅच इंजिनियर झाली. मास्तरला विषय यावा, बास.

ग्रंथपाल निवृत्त

पुस्तकं गायब होण्यावर बोलायचा हक्क माझा. उभी नोकरी दाखलनोंद वहीत गेली. आमच्या ग्रंथालयातून नीतिशास्त्राची पुस्तकं कधी चोरीला गेली नाहीत, कारण ती कधी कुणी नेलीच नाहीत. वाडेकरांनी संपादित केलेल्या मराठी तत्त्वज्ञान महाकोशाला झाडलोट करताना माझाच काय तो हात लागायचा.

चित्र बदललं २०१३ ला. यूपीएससीनं मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर आणला आणि पोरं 'एथिक्स, एथिक्स' करत यायला लागली. त्यानंतर मात्र गाइडं जायला लागली. 'सचोटी' या प्रकरणाची पानं ब्लेडनं कापून नेलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. आता एमपीएससीचाही वर्णनात्मक पेपर आलाय, म्हणजे माझ्या जागी जो आहे त्यानं ब्लेडवर लक्ष ठेवावं.

तासिकावाले सर, एक शंका. नीतिशास्त्राची पुस्तकं विद्यार्थीही जास्त वाचत असतील. मग चोर मास्तरच कशावरून?

तासिकावाला

काका, ब्लेडचा किस्सा उद्या वर्गात सांगणार. शंका रास्त आहे आणि ती त्यालाही आली होती. म्हणून त्यानं फारशी माहीत नसलेली, अलीकडची पुस्तकं वेगळी काढली, जी प्राध्यापक आणि संशोधकच नेतील अशी. तीही साधारण दीडपट जास्त गायब. अर्थात पुस्तक परत न येणं आणि चोरी यात अंतर आहे. विसरभोळेपणाही असेल.

@शंकासुर, राग नाही. पण पोराला 'हो, मी वागतो' म्हणणं मला त्याहून वाईट वाटलं असतं.

हुरडापार्टी

वर्गात ट्रॉलीचा प्रश्न घेता का नाही सर? भरधाव ट्रॉली, पुढं पाच माणसं, खटका ओढला तर दुसऱ्या रुळावरचा एकच मरतो. मला इंग्रजी मालिकेत भेटला. त्यात नीतिशास्त्राचा एक प्राध्यापक मेल्यावर नरकात जातो, कारण आयुष्यभर त्याला साधा निर्णय घेता आला नाही. मालिका बघून मी तत्त्वज्ञानाची तीन पुस्तकं मागवली. मग पिक्चर-मालिका वाईट कशा?

तासिकावाला

घेतो की. मूळ प्रश्न फिलिपा फूटचा, १९६७ चा. तिच्याकडं ट्रामचा चालक होता. खटका ओढणारा बघ्या नंतर जुडिथ जार्विस थॉमसननं आणला. फूटचा रोख वेगळ्याच मुद्द्यावर होता, तिचा निबंध गर्भपाताच्या प्रश्नावर होता. ट्राम त्यातलं एक उदाहरण होतं. आता त्याचेच विनोद उरलेत.

बिंदुसरा

आम्हा बीडकरांना रूळ मिळायलाच तीस वर्षं लागली. नगर-बीड-परळी १९९५ ला मंजूर, बीडात गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. म्हणजे ट्रॉलीचा प्रश्न आम्हाला आत्ता कुठं लागू व्हायलाय. तोवर पाचही माणसं म्हातारपणानं गेली असती.

उस्मानाबादी शेळी

बिंदुसरा, दंडवत घ्या. डहाळे सांडले.

नेट सेट आणि वेट

हसून झालं असेल तर जरा कडू बोलतो. माझं नेट झालंय, पीएचडी झालीय, विषय तत्त्वज्ञानच. मुलाखतीला गेलो की आत विषयाचं विचारतात आणि बाहेर व्हरांड्यात एक गृहस्थ वेगळ्याच आकड्याचं विचारतात. संस्थेचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. अशा जागी पैसे भरून लागलेला माणूस उद्या वर्गात 'कर्तव्यासाठी कर्तव्य' शिकवणार. शिकवेलही छान, पाठांतर असतंच.

आणि पेपरांचं काय? यूजीसीच्या २०१० च्या नियमावलीनं एपीआयचे, म्हणजे प्राध्यापकाची नेमणूक-बढती ठरवणारे गुण आले. प्रत्येक पेपरला गुण म्हटल्यावर पेपरांचा कारखाना निघाला. एका खोलीतून चार 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिकं. पैसे टाका, आठ दिवसांत 'तज्ज्ञांनी तपासलेला' लेख छापून तयार. त्याला आळा म्हणून मान्य नियतकालिकांची केअर यादी आणली. मग त्या यादीतल्या नियतकालिकांच्या नकली वेबसाइटी निघाल्या. २०२५ मध्ये यूजीसीनं यादीच मोडीत काढली. या सगळ्यात 'संशोधनातील नैतिकता' या विषयावरचा पेपर पैसे देऊन छापणारे मला ठाऊक आहेत. त्यामुळं श्विट्झगेबेलनं आमच्याकडं यायला हवं होतं. त्याला याद्या तपासायची गरजच पडली नसती.

परळी पॅसेंजर

आळंदीची चार लेकरं पैठणला शुद्धिपत्र आणायला आली होती. म्हणजे ज्ञान असलं तरी सर्टिफिकेट पैठणचंच लागायचं. तेव्हापासून हीच गत आहे वो आपली. बरं, रेड्यानं वेद म्हटले ते कुठल्या यादीत धरायचे?

ढोकी रोड

त्यापेक्षा आमच्या तेरच्या गोरोबाकाकांची पद्धत बरी. सगळ्या संतांना रांगेत बसवलं, थापटणं घेतलं, एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं. नामदेव कच्चं मडकं निघाले. जागेवर निकाल, फी नाही, आणि नामदेवांनी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज न करता गुरू शोधला. सगळ्या तोंडी परीक्षा अशाच घ्याव्यात. ह.घ्या.

गोदाकाठ (नांदेड)

विद्वत्ता आणि सर्टिफिकेट निघालंच आहे तर आमच्या कुरुंदकर गुरुजींचं नाव यायला हवं. इंटरला नापास होत राहिलेला माणूस. आधी शाळेत मास्तर, मग मराठीचे प्राध्यापक, पीपल्स कॉलेजचे प्राचार्य. १९८२ ला गेले तेव्हा पन्नाशीही गाठलेली नव्हती. मनुस्मृतीवर लिहिलं, भरताच्या नाट्यशास्त्रावर लिहिलं, हैदराबादच्या लढ्यावर लिहिलं. स्वतः नास्तिक, पण समोरच्या श्रद्धाळू माणसाचं म्हणणं त्याच्यापेक्षा नीट मांडून मग खोडायचे. आजच्या एपीआयमध्ये त्यांची गावोगावची व्याख्यानं 'विस्तार कार्य' म्हणून किरकोळ गुणांत गेली असती.

शंकासुरांचा मुद्दा इथं मला पटतो. लोक व्याख्यानाला नुसत्या माहितीसाठी जात नसत. हा माणूस सोयीचं बोलणार नाही, हा भरवसा होता. तो भरवसा म्हणजे वागणूकच की. तासिकावाले म्हणतात तसा विचार एका खिशात आणि वागणं दुसऱ्या खिशात, असं वाटून ठेवता येत नाही.

शंकासुर

गोदाकाठ, धन्यवाद. एकटा पडलो होतो.

रील बहाद्दर

मी बीए दुसऱ्या वर्षालाच आहे (त्या कॉलेजात नाही, घाबरू नका सर). आमची बाजू ऐका. पिक्चरच्या हीरोला आम्ही शिट्टी मारतो म्हणजे त्याच्यासारखं वागायला निघत नाही. शिट्टी कामून मारतो? तर तो साहेबासमोर वाकत नाही म्हणून. आम्ही दिवसभर वाकतो. तलाठ्यासमोर, बँकेत, कॉलेजच्या खिडकीवर, शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी. तीन तास एक माणूस वाकत नाही हे बघायला लई बरं वाटतं. तो चंदन चोरतो का सोनं, त्याच्याशी घेणं नाही.

पण एक कबूल. त्याच पिक्चरमध्ये तो पोरीच्या मागं लागतो, नाही म्हटली तरी लागतो, तेव्हापण शिट्ट्या पडतात. तिथं माझी बहीण शेजारी बसलेली असली की कसंतरी होतं. ती नसली की होत नाही. ह्याला काय म्हणायचं सर?

तासिकावाला

ह्याला मी माझ्या वर्गात बसवायला घेईन म्हणायचं.

वैजयंती लातूर

रील बहाद्दर, बहीण नसताना कसंतरी होत नाही हे लिहायला धाडस लागतं. आता एवढंच करा. पुढच्या पिक्चरला पडद्यावरच्या त्या पोरीच्या जागेवरून सीन बघा. कुणाची बहीण म्हणून नको.

आणि कीर्तनाचं कुणी बोललंच नाही. आमच्याकडं गावोगाव सप्ताह बसतो, यूट्यूबवर कीर्तनकारांना लाखांनी बघतात. तिथली नीती तर निम्म्या वेळा सुनेनं कसं वागावं एवढीच असते. टाळ्या त्यालाच. महाराज स्वतः गाडीतून उतरताना कसे वागतात ते आयोजकाला विचारा. पण त्याच फडावर एखादा बाबा नाथांचं गाढव असं सांगून जातो की आठ दिवस डोक्यातून जात नाही.

हुरडापार्टी

नाथांचं गाढव म्हणजे?

पैठणी नव्हे पैठणकर

अरे देवा. हुरडापार्टी, पुण्यात राहता का?

नाथ महाराज काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला अभिषेक करायला निघाले होते. वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेनं तडफडत होतं. नाथांनी कावडीतलं पाणी त्याच्या तोंडात ओतलं. बरोबरचे म्हणाले, अहो, एवढ्या लांबून आणलेलं, देवाचं पाणी. नाथ म्हणाले, रामेश्वराला पोचलं.

आता तुमची ट्रॉली बाजूला ठेवा. इथं एका बाजूला घेतलेला संकल्प, दुसऱ्या बाजूला समोरचा जीव. आणि नाथांनी 'मी संकल्प मोडला, पण कारण मोठं होतं' असं नाही म्हटलं. संकल्प पुराच झाला म्हणाले. कांटसाहेबांना विचारा याचं काय करायचं.

मांजराकाठची

धागा छान चाललाय, मी थोडं आडवं जाते.

एमएला पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाचा निबंध होता. १९७१ च्या नोव्हेंबरात लिहिलेला, छापला १९७२ ला. पूर्व बंगालमध्ये माणसं उपाशी मरत होती त्यावर. त्यातलं प्रसिद्ध उदाहरण असं की तुम्ही उथळ तळ्याजवळून चाललात, लेकरू बुडतंय, कपडे चिखलात भरतील म्हणून तुम्ही थांबाल का? नाही ना, मग लांबच्या उपाशी लेकरासाठी पैसे का देत नाही? मला तेव्हा तो निबंध हादरवून गेला होता. सुट्टीत घरी आले आणि आजीला सांगितला. आजी म्हणाली, "बहात्तरला तळ्यात पाणी कुठं होतं बाई."

आजी त्या सालच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. तेव्हा खावी लागलेली लाल मिलो आणि सुकडी, हे शब्द आमच्या घरात अजून शिवीसारखे वापरतात. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. आजीला मी विचारलं, तुला कुणी फुकट धान्य दिलं असतं तर? ती म्हणाली, घेतलं असतं, पण काम मागायला गेल्यावर तहसीलदाराला तोंड वर करून बोलता यायचं, तसं बोलता नसतं आलं.

हे मला सिंगरमध्ये सापडलं नाही. त्याचा सगळा निबंध तळ्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसासाठी आहे. त्यानं काय करावं, किती द्यावं. बुडणाऱ्याला तिथं तोंडच नाही. आपल्याकडं वि. स. पाग्यांनी जी रोजगार हमी योजना मांडली, जिचा १९७७ ला कायदा झाला, तिच्यात मागणाऱ्याला तोंड आहे. काम द्या, नाहीतर भत्ता द्या, हा माझा हक्क आहे. मजुरी वेळेवर मिळाली का, हजेरीपटावर मेलेली माणसं होती का, ते वेगळं रामायण. पण विचार म्हणून तो मला सिंगरच्या पुढचा वाटतो, आणि तो तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात कुठंच नाही. रोजगार हमी अर्थशास्त्रात आणि सिंगर आमच्याकडं.

नेट सेट आणि वेट

मांजराकाठची ताई, हा प्रतिसाद म्हणजेच पेपर आहे. छापू नका, कुणीतरी स्वतःच्या नावावर छापेल.

शंकासुर

सिंगरच्या बाजूनं एक सांगतो. त्यानं निदान स्वतःच्या उत्पन्नातला वाटा देत आलो असं जाहीर सांगितलं आणि मांस सोडलं. म्हणजे श्विट्झगेबेलच्या यादीत बसत नाही तो. वागता येतं, एवढंच म्हणायचंय.

निलंगा नाका

बराच वेळ लिहू की नको करत होतो. मूळ प्रश्न दारातल्या माणसाचा होता, तो मागं पडला.

तुमचा कांट आमच्या दारात येऊन गेलाय. माझे आजोबा तेव्हा तिशीत. रझाकारांच्या काळात गावातले दोघे जण स्टेट काँग्रेसचं काम करायचे, ते आमच्या कडब्याच्या गंजीत लपलेले. रझाकार आले. आजोबांनी सांगितलं, कालच सोलापूरकडं गेले. खोटं. ही गोष्ट आमच्याकडं १७ सप्टेंबरला दरवर्षी सांगितली जाते, मुक्तिसंग्रामाचा दिवस म्हणून. आम्ही भावंडांनी शाळेत भाषणात पण सांगितली, बक्षीस मिळालं.

दुसरी गोष्ट कळायला मी चाळिशीत यावं लागलं, तीही आत्याकडून. पोलीस ॲक्शननंतर काही दिवसांतच त्याच दारात दुसरी माणसं आली. या वेळी हातात हत्यारं आपल्याच लोकांच्या होती, आणि आत बाजेमागं गावातल्या पिंजाऱ्याची बायको आणि तिची दोन लेकरं होती. आजोबा तेच वाक्य बोलले. कालच गेले सोलापूरकडं. या गोष्टीचं भाषण कुणी केलं नाही. आत्या म्हणाली, नंतर कितीतरी दिवस आमच्याकडं कुणी हळदीकुंकवाला आलं नाही.

पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांवर झालेल्या हिंसेची चौकशी करणारी पंडित सुंदरलाल समिती त्या वेळी फिरून गेली. सगळ्यांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत तिनं उस्मानाबाद आणि नांदेड नोंदवलेत. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

आजोबा तिसरी शिकलेले. कुणी त्यांना नीतिशास्त्र शिकवलं नव्हतं. माळकरी होते आणि एरवी खोटं बोलणाऱ्यावर फार चिडायचे. आत्यानं एकदा त्यांना म्हटलं, दादा, ते खोटं थोडंच होतं, पुण्याचं काम होतं. तर म्हणाले, खोटंच होतं, आन् पुन्हा बोलीन.

उस्मानाबादी शेळी

_/\_

वैजयंती लातूर

निलंगा नाका, तुम्ही हे लिहिलंत हे बरं केलंत. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सांगत जा आता.

बिंदुसरा

दुसऱ्या वेळेस खोटं बोलणं जास्त अवघड होतं. पहिल्या वेळी गाव पाठीशी होतं.

तासिकावाला

मी हा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. 'खोटंच होतं, आन् पुन्हा बोलीन' यावर मी एक आख्खी तासिका घेऊ शकेन. वर्गात पोरं सहसा यातलं अर्धंच धरतात. एकतर म्हणतात ते खोटं नव्हतंच, नाहीतर म्हणतात खोटं-खरं असं काही नसतं. आजोबांनी दोन्ही सोपी दारं बंद केली.

कांटच्या बाजूनं एवढं सांगायला हवं की गप्प बसू नका, असं तो म्हणत नाही. पण रझाकार दारात असताना गप्प बसणं हेच उत्तर ठरतं, हे त्याच्या निबंधात नीट हाताळलेलं नाही. त्याचा युक्तिवाद असा की तुम्ही खोटं सांगितलंत, मित्र तेवढ्यात मागच्या दारानं निसटला आणि मारेकऱ्याला वाटेत सापडला, तर जबाबदारी तुमची. निलंगा नाका यांच्या आजोबांनी ती जबाबदारी डोळे उघडे ठेवून घेतली होती, असं मला वाटतं.

नागसेनवन

उशिरा आलो. मिलिंद कॉलेजचा माजी विद्यार्थी. धाग्यात शिकवणाऱ्याचं वागणं हा विषय आहे, म्हणून बाबासाहेबांनी १९५० ला औरंगाबादेत काढलेल्या कॉलेजला मिलिंद आणि परिसराला नागसेनवन हे नाव का मिळालं ते आठवलं. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, प्रश्न विचारणारा. नागसेन हा उत्तर देणारा भिक्खू. म्हणजे कॉलेजला नाव प्रश्न विचारणाऱ्याचं आहे.

त्या दोघांच्या संवादाच्या 'मिलिंदप्रश्न' या ग्रंथात पुढची चर्चा सुरू होण्याआधी नागसेन एक अट घालतो. महाराज, तुम्ही पंडितांसारखा वाद करणार असाल तर बसतो, राजासारखा करणार असाल तर नाही. राजा विचारतो, फरक काय? नागसेन सांगतो, पंडितांच्या वादात कुणी कोंडीत पकडतो, कुणी चूक दाखवतो, कुणी ती मान्य करतो, पण कुणी रागावत नाही. राजाला कुणी विरोध केला की तो म्हणतो, याला शिक्षा करा.

तासिकावाले सर, तुमच्या वर्गातल्या पोरानं 'तुम्ही तसं वागता का' हे विचारलं आणि त्याचे अंतर्गत गुण कापले गेले नाहीत, एवढी एक गोष्ट तपासायला सोपी आहे. मी ज्या काही परिसंवादांत बसलो, तिथं सगळा राजवाद. अध्यक्षांना प्रश्न विचारला की चहाच्या वेळी कुणी ओळख देत नाही. तत्त्वज्ञानाच्या माणसाकडून सर्वसाधारण चांगुलपणा जास्त मागू नये, इथं मी तुमच्याशी सहमत. पण विचारणाऱ्याला शिक्षा न करणं हे त्याच्याकडून मागायलाच पाहिजे, कारण तो त्याच्या धंद्याचा भाग आहे.

गोदाकाठ (नांदेड)

नागसेनवन, मी 'भरवसा' म्हणालो ते यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं मला.

परळी पॅसेंजर

अवांतर: पंडितवादाची अट फेसबुकवर कुणी घालून बघितली का?

रील बहाद्दर

मी घातली होती. ब्लॉक झालो.

शंकासुर

नागसेनवनांचं पटलं, पण एवढ्यावर सोडणार नाही. प्रश्न विचारू देणं स्वस्त पडतं. उद्या परीक्षा आहे, सुपरव्हिजनला नीतिशास्त्राचे सर आहेत, तिसऱ्या बाकावर चिठ्ठी दिसली, आणि वरून निरोप आहे की निकाल चांगला लागला पाहिजे. तासिकेवरचा माणूस, पुढच्या वर्षीची ऑर्डर त्याच वरच्याच्या हातात. आता बोला. पंडितवाद कुठं गेला?

नेट सेट आणि वेट

शंकासुर, हा प्रश्न तासिकेवरच्याला विचारण्याआधी निरोप देणाऱ्याला विचारा. आमच्याकडून धाडस मागायचं आणि वर्षभराची ऑर्डरसुद्धा द्यायची नाही. मांजराकाठच्या ताईंच्या आजीसारखं आम्हालाही तोंड वर करून बोलता येईल अशी नोकरी द्या, मग नीती मागा.

शंकासुर

निलंगा नाक्याच्या आजोबांना कुणी ऑर्डर दिली होती?

मांजराकाठची

शंकासुर, आजोबा एकदा दारात उभे राहिले, कारण दार त्यांचं होतं. भाड्याच्या घरातल्या माणसानं तेच करावं हे मी म्हणेन, पण त्यानं नाही केलं तर त्याला मी त्याच तराजूत तोलणार नाही. दोघांचं बरोबर आहे असं म्हणून मिटवायचंही नाहीये मला. नेट-सेटवाल्यांचं म्हणणं व्यवस्थेला लागू आहे. ते चिठ्ठी बघून मान फिरवणाऱ्याच्या कामाला येऊ नये.

तासिकावाला

शंकासुर, तुमचा प्रश्न काल्पनिक नाही हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही. दिसलेली चिठ्ठी मी काढून घेतो. अजूनपर्यंत ऑर्डर आलेली आहे, पुढचं सांगता येत नाही. पण मी हे पोरांना सांगितलं नाही, कारण तसं सांगितलं की तो तास माझ्यावरचा होतो, त्यांच्यावरचा राहत नाही. सातासमुद्रापार पाठवण्याचं कारण ते होतं. पटेल असं नाही.

'हमी देत नाही' हे वाक्य मात्र मागं घेत नाही, त्यात भर घालतो. नागसेनवन म्हणतात ती एक हमी देतो.

निलंगा नाका, तुमची परवानगी असेल तर गावाचं नाव न घेता दोन्ही गोष्टी सोमवारी वर्गात सांगू का? त्या मुलीच्या प्रश्नाला माझ्याकडं कांट होता, त्याहून बरं काही नव्हतं.

निलंगा नाका

सांगा. फक्त पहिलीला टाळ्या पडू देऊ नका, लगेच दुसरी सुरू करा.

ग्रंथपाल निवृत्त

मिलिंदप्रश्न मराठीत कुणाला हवा असेल तर जवळच्या जुन्या ग्रंथालयात विचारा. न्या, वाचा, आणि परत आणून द्या.